दुःखाला कामाला लावणाऱ्या बाई

शिरूरला, म्हणजे आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदीला, माणूस आजारी पडला की औषधाच्या आधी माणसं येतात. पायाचं हाड मोडून मी पलंगावर पडलो तेव्हा अख्खी गल्ली येऊन गेली. एकाने साडेसाती सांगितली. दुसऱ्याने पलंगाचं डोकं कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं, 'तरीच!' म्हणाला आणि चहा घेतला. तिसऱ्याच्या मते सगळा दोष कॅल्शियमचा होता, आणि पुढे डॉक्टरही त्याच्याच बाजूचे निघाले.

आम्ही पडलो ख्रिस्ती. त्यामुळे साडेसातीतून सुटका असली तरी आमच्या मंडळीतले समाचाराला येणारेही काही कमी नसतात. एक जण म्हणाले, प्रभू परीक्षा घेतोय. मॅट्रिकनंतर मी कुठलीच परीक्षा आपखुशीने दिलेली नाही, त्यामुळे ही बातमी मला मानवली नाही. दुसऱ्यांनी सांगितलं की देवाचं माझ्यावर जरा विशेषच प्रेम दिसतंय. जरा कमी असतं तरी भागलं असतं. मग चर्चच्या एका वडिलांनी प्रार्थना केली. आजाऱ्यासाठी केलेली आमची प्रार्थना ही एकदा तरी ऐकावी अशी गोष्ट आहे. हाड कुठलं, मोडलं कसं, डॉक्टर काय म्हणाले, मेडिक्लेमवाले काय म्हणतात, सगळं देवाला सविस्तर कळवलं जातं. त्याच्यापर्यंत अजून यातलं काही पोचलेलंच नसावं. "सळई घातलीय, प्रभू, डाव्या पायात," असं म्हणून वडील थांबले, एक डोळा किलकिला करून त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि "उजव्या" अशी दुरुस्ती केली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. कशाने, ते विचारू नका.

अडचणीत कोणाला साकडं घालायचं याबाबतीत शिरूरकर कधीच फारसे सोवळे नव्हते. इथे कंपनी सरकारची छावणी होती तेव्हा कर्नल वॉलेस नावाचा एक गोरा अधिकारी 1809 साली वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे गावकरी सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य आणीत आणि त्याला 'सत्पुरुष' म्हणत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरातच आहे. साहेबाचा बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागितला नाही. अमेरिकन मिशनवालेही पुढे शिरूरला येऊन राहिले, पण सत्पुरुषपद काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्यासाठी बहुधा प्रवचनं कमी करावी लागतात.

पलंगावर पडल्या पडल्या मी बायबलातलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं. ईयोब हा मोठा भला गृहस्थ. गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर गळवं आली आणि बिचारा राखेत जाऊन बसला. अलीफज, बिल्दद आणि सोफर असे तिघं मित्र समाचाराला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. या तिघांनी केलेलं एवढंच काम चोख म्हणायचं. पुढे त्यांनी तोंडं उघडली आणि मग अध्यायामागून अध्याय एकच पालुपद: तुझ्याच हातून काहीतरी घडलं असणार, आठवून बघ. ईयोबाने मात्र त्यांना सोडून थेट देवाशी वाद मांडला. देवाने त्याची कडक उलटतपासणी घेतली खरी, पण शेवटी चूक ठरवलं ते त्या तिघांना, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम ईयोबावरच टाकलं. 'माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नाचं उत्तर मात्र 42 अध्याय संपले तरी त्याला मिळत नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथाने हा प्रश्न तसाच सोडून द्यावा, याचा मला पडल्या जागी मोठा आधार वाटला. आणि मग आठवल्या त्या केडगावच्या बाई.

शिरूरहून न्हावऱ्यावरून निघालं आणि भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातलं केडगाव येतं. वाटभर ऊस, उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि गुऱ्हाळांचा गोडसर धूर. केडगावात रिक्षावाला "मिशन का बेट?" एवढंच विचारतो. बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तस्थान, मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तसंच थोडं पुढे गेलं तर चौफुला, तिथली लावणीची कला केंद्रं. एवढ्याशा टापूत माणसाच्या सगळ्या अडचणींची सोय केलेली आहे, असं आमचे एक स्नेही म्हणतात.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईने मुलीला शिकवलं, आणि हे कुटुंब पुराणं सांगत देशभर तीर्थयात्रा करत हिंडलं. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना गाठलं. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. सगळे उपासमारीने खंगून. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास. उरलेला भाऊ आणि त्या, दोघं पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. लग्न झालं, पदरात मनोरमा आली, आणि 1882 मध्ये पटकीने नवराही गेला. डॉक्टर व्हायचं म्हणून विलायत गाठली, तर सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथे जीव दिला, आणि कानांनी दगा दिल्यामुळे डॉक्टरी राहिली ती राहिलीच. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या सगळ्याच्या मधोमध.

अशा बाईला समजावायला अलीफज टपलेलेच असतात. पुण्यात त्यांची वाण नव्हतीच, वाँटेजला त्या ज्या मठात उतरल्या तिथेही नव्हती. पण रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला तरी हुज्जत घालायचा आपला हक्क काही सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, यावरून त्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून भांडल्या. विलायतेतही मांसाहाराला हात लावला नाही, आणि तेवढ्यावरूनही त्यांचा विश्वास तपासून झाला. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्या पत्रव्यवहारातला बाईंचा आवाज कडक येतो. मला तो फार आवडतो. रडणारा भक्त सगळ्यांनाच चालतो. भांडणारा भक्त पाळकसाहेबांना जरा जड जातो.

'दुःखामागे देवाचा काही हेतू असतो' असं म्हणणाऱ्यांची मला थोडी भीतीच वाटते. विशेषतः ते स्वतः धडधाकट असतात तेव्हा. सोळाव्या वर्षी आईबाप भुकेने गेले, त्यामागे कसला हेतू? रमाबाईंचा हेतू मागाहून आला आणि तो त्यांनी आपल्या हातांनी जोडला. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या. तिथे रस्त्याकडेला बसलेल्या मुलींचे चेहरे त्यांना कोणी ओळखवून द्यावे लागले नाहीत. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात पाहिलेलेच ते चेहरे होते. त्यांनी शेकडो मुली उचलून आणल्या. पुण्यात प्लेगचे कायदे आडवे आले, तेव्हा शारदा सदन या आपल्या विधवांच्या शाळेच्या खर्चासाठी फळबाग करायची म्हणून केडगावला घेतलेल्या सुमारे 100 एकर माळावर तंबू ठोकले. विहिरी खोदल्या. आल्या त्यांतल्या कितीतरी वाचल्या नाहीत, हेही सांगायला हवं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती 2000 च्या घरात गेली. एवढ्या माणसांचा रोजचा भाकरीचा हिशेब मनात मांडून बघा. साक्षात्कार वगैरे गोष्टी आपोआप मागे पडतात.

बाईंनी कोणालाच नुसतं बसू दिलं नाही. माग आले, तेलाचा घाणा आला, गोठा आला. आंधळ्या बायकांसाठी बार्तीमी सदन निघालं, मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवली. आणि छापखाना आला. त्या छापखान्यातलं एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेली एखादी पोर, जिला आल्या दिवशी स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं, ती आता टाइपांच्या केसपाशी उभी आहे. समोर शेकडो खण. एकात काने, एकात मात्रा, एकात वेलांट्या, जोडाक्षरांचं गाव वेगळंच. ती शिशाचे खिळे एकेक करून उचलते, उलटी अक्षरं उजव्या-डाव्याचा हिशेब ठेवून स्टिकमध्ये जुळवते, ओळ भरली की घट्ट बसवते. बोटं काळी. चुकलेला खिळा चिमट्याने काढायचा आणि पुन्हा बसवायचा. दुःखाची चिंता करायला या कामात हातही रिकामा नसतो आणि डोळाही.

या बायकांनी तिथे छापलं ते रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल. संस्कृतात पदव्या मिळवलेल्या या पंडितेने भाषा मात्र अशी ठेवली की जात्यावर बसलेल्या बाईलाही ती कळावी. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, तीही आईच्या आधी. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.

अशी आणखी एक बाई आमच्या शेजारच्या नगरची, लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने न विचारता धर्म बदलला, त्या काही वर्षं त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त असं लिहिलं की वाचणारा हसता हसता डोळे पुसतो. नवऱ्याने अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे 64 अध्यायही त्यांनीच लिहिले. नवऱ्याची अर्धवट कामं बायकोनेच उरकायची, ही आपल्याकडची रीत धर्मांतराने काही बदललेली दिसत नाही.

हे सगळ्यांना जमतं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचं दुःख नुसतंच दुःख राहतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. माझं हाड जुळलं त्यातून जगाचा काहीएक फायदा झालेला नाही. पण विश्वास म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी त्याला आमच्या कुठल्याही प्रवचनाआधी तो छापखाना आणि त्या विहिरी सांगेन.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार बायका आणि मुलं आजही तिथे राहतात. पुण्याहून दौंडला जाणारी गाडी मांजरी, लोणी, उरुळी, यवत करत केडगावला थांबते. तिथून मिशन जवळच. कधी उतरलात तर आधी ऑफिसात विचारा, आणि तिथल्या पोरीबाळींकडे बघून "अरेरे, बिचाऱ्या" तेवढं म्हणू नका. त्यांना कामं असतात.