प्रतिभेचे तापमान

यंत्रास घाम फुटत नाही, सबब त्याचे श्रम धन्याच्या ध्यानी यावेत एवढ्यासाठीच त्याच्या पोटात पंखे बसविण्याचा शिरस्ता पडला असावा, अशी माझी समजूत होती. आणि मी टंकनास बसलो की टेबलाखालील संगणक थोड्याच वेळात जी घरघर सुरू करी, ती माझ्या वाक्यांच्या वजनाखाली दबलेल्या यंत्राची प्रामाणिक कबुली आहे, याबद्दल मला तिळमात्र संशय नव्हता. ललितलेख लिहिताना हा आवाज मध्यम असे, समीक्षा लिहिताना तो चढे, आणि संपादकांस मानधनाचे स्मरण देणारे पत्र लिहावयास घेतले की स्वयंपाकघरातून "ते विमान एकदाचं उतरवा" असे फर्मान सुटे. ते सोडणाऱ्या व्यक्तीस साहित्यात गती नाही, असे लेखी म्हणण्याइतका मी अविचारी नाही.

परंतु नागपूरचा मे महिना प्रतिभेची भीडमुर्वत ठेवीत नाही. बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, तसे यंत्र मधूनच स्तब्ध होऊ लागले आणि एका पल्लेदार वाक्याच्या मध्यावर, क्रियापद यावयाच्या आत, ते बंदच पडले. दुरुस्तीसाठी आलेल्या मुलाने आवाज ऐकून पहिलाच प्रश्न विचारला, "काका, गेम खेळता का?" मी लेखक आहे असे त्यास सांगितले. त्याने पडद्यावर एक तक्ता उघडला, क्षणभर न्याहाळला आणि म्हणाला, "तुमचं लिहायचं काम एक टक्का पण घेत नाहीये. हे बाकी सगळं ब्राउझर खातोय." राशिभविष्याचे जे पान मी लेखनास शुभ वेळ पाहण्यासाठी उघडे ठेवतो, त्यावरील नाचत्या जाहिराती माझ्या समग्र वाङ्मयापेक्षा यंत्रास कितीतरी जड जात होत्या. तक्त्यातील आकड्यांची सत्यता मी नाकारीत नाही; वाङ्मय तोलण्याचा अधिकार त्या तक्त्यास कोणी दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुलाने पेटीची बाजू उघडली. प्रोसेसरवरचा पंखा काढताच त्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या डोक्यावर धूळ, केस आणि चैत्रात उडणारा सावरीचा कापूस यांचा असा घट्ट नमदा जमलेला दिसला की तो चिमटीत धरून अखंड उचलता आला. पंखा जीव तोडून फिरत होता खरा, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. प्रोसेसर आणि पाती यांच्यामधली पेस्ट सुकून तिची राखाडी खपली झाली होती. ती त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वसंरक्षणार्थ आपण होऊन वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते, हे त्याने मला समजावून दिले. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसास यात नवे काही वाटले नाही. मागचा लहान पंखा काढून त्याने मोठा बसविला, कारण मोठा पंखा सावकाश फिरून तितकीच हवा हलवितो. फार आवाज करणारे पंखे बहुधा लहानच असतात. हे निरीक्षण मी पुढील साहित्य संमेलनासाठी राखून ठेवले आहे.

संगणक जी वीज खातो तिची अखेर जवळजवळ सारी उष्णताच होते, म्हणजे वीजमंडळाच्या दृष्टीने माझी लेखनसाधना आणि पाणी तापविण्याची सळई यांत गुणात्मक भेद नाही. अमेरिकेतील एनिॲक नामक आद्य यंत्रात सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या आणि ते 150 किलोवॅट वीज घेई. पुढे 1961 मध्ये रोल्फ लँडाउअर या शास्त्रज्ञाने असे प्रतिपादले की माहिती पुसून टाकावयाची तर थोडीतरी उष्णता बाहेर पडणे अटळ आहे. माझ्या लेखनात काटछाट नसते अशी कुरकूर करणाऱ्या समीक्षकांनी याची नोंद घ्यावी: विदर्भाचे तापमान याहून वर गेले नाही, त्यात माझाही अल्पसा वाटा आहे.

पंख्यांचा विषय निघाला की मला जुन्या कचेऱ्यांतील पंखेवाल्याची आठवण केल्याविना राहवत नाही, आणि ती करू नये असे वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. इंग्रजी अमदानीत साहेबाच्या मेजावर छतापासून एक लांब लाकडी चौकट टांगलेली असे, तिला कापडाची झालर असे, आणि तिची दोरी भिंतीतल्या छिद्रातून बाहेर पडवीत जाई. त्या दोरीच्या टोकाशी पंखेवाला. दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी शिंपडणारा भिस्ती वेगळा. आत फैसले होत, सारावसुलीचे हुकूम सुटत, आणि पंखेवाला दिवसभर, प्रसंगी रात्रभरही, दोरी ओढीत राही. हात भरून आले की ती पायाच्या अंगठ्यास बांधून आडवा होई. त्यास डुलकी लागली की वारा थांबे, साहेबाची झोप मोडे, आणि मग जो पुकारा होई त्याची बारनिशीत नोंद नसे. पडवीत किती ऊन आहे याची चौकशी करण्याचा रिवाज नव्हता. एरवीही पंखा गारवा उत्पन्न करीत नाही. तो आपली उष्णता दुसऱ्याच्या हद्दीत ढकलतो.

माझ्या टेबलाची मांडणी अशी आहे की यंत्राच्या पाठीतून निघणारी गरम हवा थेट स्वयंपाकघराच्या दारात जाते. काम आटोपल्यावर तो मुलगा पाणी मागावयास तेथवर गेला आणि उंबऱ्यातच थबकला. तवा तापला होता, पोळ्या चालल्या होत्या. गॅसची ज्योत विझते म्हणून त्या खोलीत पंखा नाही, आणि दिवाणखान्यातील कूलरचा वारा तेथे पोहोचत नाही. ती खांद्याने कपाळ टिपीत होती, कारण दोन्ही हात पिठाचे होते.

"काकू, इथं तर सीपीयूपेक्षा गरम आहे. एक्झॉस्ट नाही?"

"आमचा आवाज होत नाही ना, बाबा," ती पोळी उलटीत म्हणाली.

यंत्राने तापल्यावर वेग कमी केला तेव्हा मी सारे घर डोक्यावर घेतले होते. तिच्या पोळ्यांचा वेग इतक्या उन्हाळ्यांत कधी कमी झाल्याचे मला आठवत नाही, आणि याचे श्रेय मी आजवर तिच्या प्रकृतीस देत आलो होतो. मुलाचे पैसे चुकते करताना मी त्यास चांगल्या एक्झॉस्ट पंख्याची किंमत विचारली. "ते माझं काम नाही," तो म्हणाला, आणि चौकातल्या इलेक्ट्रिशियनचा नंबर देऊन गेला.

पंखा बसला. यंत्र आता इतके मूक असते की माझे लेखन चालू आहे किंवा नाही हे घरात कोणास समजत नाही. स्वयंपाकघरातील पंख्याचा आवाज मात्र शेजाऱ्यांच्या जिन्यापर्यंत ऐकू जातो, आणि त्याविरुद्ध आमच्या घरातून अद्याप एकही तक्रार दाखल झालेली नाही.