बाळ्याचं कॅरिअर

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या की. आणि हळू बोला, तो गाडीखाली पडलाय. ते बघा पाय, निळ्या स्लिपरवाले. बँकवाल्यांचा बाळ्याच, दुसरं कोण! सकाळपासून ग्राइंडरची किरकिर चाललीय. मला वाटलं खिडक्यांना ग्रिल बसवतायत. तर नाही, जिम्नीला कॅरिअर चढवलंय.

हो, तीच ती मारुतीची, २०२३ साली आली ती. आता टपावर कॅरिअर, कॅरिअरवर कॅन, फावडं, मागं शिडी. परवा पेपरवाला मला विचारतो, "काकू, यांनी वडाप चालू केलं का?" मी हसून हसून बेजार.

पण खरं सांगू? पोरानं काम डोकं लावून केलंय हं. गॅरेजवाल्याच्या घरात जन्म गेला माझा, हिशोबाची वही माझ्याकडंच असायची, तेव्हा थोडंफार मलाही कळतं. या गाडीच्या टपाला दोन्ही कडांनी पत्र्याची पन्हळ आहे, पावसाचं पाणी वाहून जायला. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना असली उघडी पन्हळ नसतेच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या आठवतात ना? त्यांचं कॅरिअर पन्हळीलाच क्लॅम्पनं आवळलेलं असायचं. बाळ्यानं तसंच केलंय. टपाला एक भोक पाडलं नाही. भोक पाडलं की पत्रा उघडा पडतो, मग वर कितीही सिलिकॉन थापा, आपल्याकडच्या पावसात आज ना उद्या गंज धरतोच. आणि क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत, रंग खरवडू नये म्हणून. इथूनच तर बघत होते मी.

काय? तयार मिळतं की बाजारात. पण याला स्वतःच्या हातानं करायचं होतं. वेल्डिंग तेवढं एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून आणलं. घासणं, रेड ऑक्साइड, काळा रंग सगळं पोर्चमध्ये. तुळशीवृंदावनावर काळे शिंतोडे उडालेत, त्याची आई माझ्यापाशी रडकुंडीला आली होती.

घोडं पेंड खातंय ते वजनापाशी. एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेजचा, फुटाला साडेतीनशे ग्रॅम भरतो. पासष्ट फूट लागला म्हणे. म्हणजे तेवीस किलो नुसता पाइपच झाला. वर खालची जाळी, क्लॅम्प, बोल्ट. मग वीस लिटर पाण्याचा कॅन, म्हणजे आणखी वीस किलो. दुसरा कॅन पेट्रोलचा ठेवणार होता! उन्हात तापलेल्या टपावर पेट्रोल! आईनं हात जोडले तेव्हा कुठं ते राहिलं. आमच्या ह्यांनी त्याला गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढायला लावलं. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालेल ते त्यात छापलेलं असतं, आणि कॅरिअरचं वजनसुद्धा त्यातच धरायचं असतं. लोक नेमकं तेच सोडून मोजतात. गाडी उभी असली तर टप पुष्कळ पेलतो हो, पण खड्ड्यात आपटली की त्याच वजनाचा दणका कितीतरी मोठा बसतो. त्यातून या गाडीची रुंदी १६४५ मिलिमीटर आणि उंची १७२०. रुंदीपेक्षा उंची जास्त! वर ओझं लादून आडव्या उतारावर घातली की कलंडायला कितीसा वेळ लागणार?

शिट्टीची गंमत तर तुम्हाला ठाऊकच नाही. पुण्याहून येताना ऐंशीचा वेग धरला की टपावर शिट्टी वाजायला लागायची. आईला वाटलं मागं पोलीस लागलेत! पुढच्या गोल पाइपवरून वारा एका तालात सुटतो, त्याचा तो आवाज. आमच्या ह्यांनी सांगितलं, पाइपला नायलॉनची दोरी अंतर ठेवून तिरकी गुंडाळ. गुंडाळली, शिट्टी बंद! दोरीनं वाऱ्याचा ताल मोडतो. आणि शंभरेक किलोमीटर चालवून झाली की सगळे बोल्ट पुन्हा आवळ, हेही सांगितलं. आठ मिलिमीटरचे बोल्ट, त्यांना तेराचा पाना लागतो. तो आमच्याकडूनच नेलाय. अजून परत आलेला नाही, ते वेगळंच.

आता स्नॉर्कलचं खूळ आहे. हत्तीच्या सोंडेसारखं ते बॉनेटच्या बाजूनं वर जातं ना, तेच. ओढ्यात गाडी घातली तरी इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. हे म्हणाले, "अरे, सोंड लावशील, पण डिफरन्शियलचं काय? त्याच्या ब्रीदरची नळी कुठवर आलीय ते आधी बघ." चालून तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असला तर तिथनं पाणी ओढून घेते. मग आतलं ऑइल दुधाळ होतं आणि पुढं गिअर, बेअरिंग कामातून जातात. उपाय काय, तर रबरी नळी लांबवायची आणि दोन क्लिपा मारायच्या. पण ते गाडीच्या पोटाखाली, फोटोत कुठं दिसणार! म्हणून सगळे आधी सोंड लावतात. आज हा खाली शिरलाय तो त्या नळीसाठीच, तेवढं मात्र ऐकलं पोरानं.

पुढचा लोखंडी बंपरही ठरला होता. तो बापानंच मोडून काढला. बुलबारला केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातलीय, आणि कायद्यात २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागं पाच हजार दंड आहे. बाप बँकेतला, पाच हजार म्हटल्यावर विषय संपला.

हे वेड लागलं गोव्यात. पावसाळ्यात चिखलातली ती शर्यत होते ना, रेनफॉरेस्ट चॅलेंज, २०१४ पासून चाललीय, ती बघून आला. आता तिथल्या गाड्यांचं सगळं बळ विंचमध्ये आणि रोल केजमध्ये. असलं बिऱ्हाड टपावर घेऊन चिखलात कोण उतरतंय? याच्या टपावरून आजवर आलंय काय, तर मावशीकडचे फणस आणि पिंजून आणलेली गादी. कासला गेला, तर तिथं पठारावर गाडी घालू देत नाहीत. बाकीच्यांसारखी पार्किंगमध्ये लावून पायीच फिरून आला बापडा!

आणि आता वर तंबू येणार आहे, टपावर झोपायचा. मिटला तरी फूटभर उंच. गाडी साडेपाच फुटांच्या वर, कॅरिअर अर्धा फूट, त्यावर तंबू. आणि पोर्चचा स्लॅब सात फुटांवर! काल रात्री बापलेक टेप घेऊन मोजत होते. बाप म्हणाला, "स्लॅब माझा, कॅरिअर तुझं. काय कापायचं ते तूच ठरव."

श्श, उठला वाटतं. इकडंच येतोय. काय रे बाळ्या? पाना? सतराचा? आधी तो तेराचा आण बघू!