मित्रपरत्वे सत्य

मलेशियात सत्य छापण्यासाठी दीर्घकाळ वार्षिक परवाना लागत असे. १९८४ च्या मुद्रणालये व प्रकाशने कायद्यान्वये प्रत्येक वृत्तपत्राला दरवर्षी गृहमंत्रालयाच्या दारी नूतनीकरणासाठी जावे लागे, आणि हे नूतनीकरण म्हणजे केवळ शिक्का मारून घेणे नव्हे याचा वस्तुपाठ ऑक्टोबर १९८७ मधील ‘ऑपरेशन लालांग’ या धरपकडीने घालून दिला होता. त्या मोहिमेत शंभराहून अधिक राजकारणी, कार्यकर्ते आणि विचारवंत विनाचौकशी स्थानबद्ध झाले आणि ‘द स्टार’, ‘सिन च्यू’ व ‘वतन’ ही अनुक्रमे इंग्रजी, चिनी व मलय भाषांतील वृत्तपत्रे काही काळ बंद करण्यात आली. बहुवांशिक देशात सरकारने कोणत्याही भाषेवर अन्याय केला, असे निदान या बाबतीत म्हणता येत नाही. परवाना टिकविण्याचा याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मालकी. ‘न्यू स्ट्रेट्स टाइम्स’चा समूह संयुक्त मलय राष्ट्रीय संघटना, म्हणजे ‘अम्नो’ या सत्ताधारी पक्षाच्या छायेत होता, तर ‘द स्टार’ अम्नोच्या आघाडीतील चिनी पक्षाच्या मालकीचे होते. वाचकाला त्यामुळे मतभेदांना मुकावे लागले नाही. फक्त ते आघाडीच्या बैठकीत आधीच मिटवून मग छापले जात.

या व्यवस्थेत जे भगदाड पडले ते तिच्या शिल्पकारानेच पाडले. १९८१ पासून पंतप्रधान असलेले डॉ. महाथिर मोहम्मद यांना क्वालालंपूरच्या दक्षिणेस संगणक उद्योगाचा महापट्टा उभारायचा होता, परदेशी गुंतवणूकदारांना मोकळ्या इंटरनेटची हमी हवी होती, आणि म्हणून १९९६ मध्ये इंटरनेटवर सेन्सॉरशिप लादणार नाही असे वचन सरकारने दिले. ते पुढे १९९८ च्या दळणवळण कायद्यातही उतरले. वचन देताना डोळ्यांपुढे कंपन्या होत्या, नागरिक नव्हते. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महाथिर यांनी आपले उपपंतप्रधान आणि मानलेले वारसदार अन्वर इब्राहिम यांना पदावरून दूर केले, पुढे त्यांना अटक झाली, आणि कोठडीतून ते काळानिळा डोळा घेऊन बाहेर आले तेव्हा ती दुखापत त्यांनी स्वतःच करून घेतली असावी, अशी शक्यता पंतप्रधानांनी बोलून दाखविली. पोलीस महानिरीक्षकांनीच ठोसा मारल्याचे यथावकाश चौकशी आयोगापुढे उघड झाले. परंतु तोवर परवानाधारक सत्यावरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि अन्वर यांच्या सुटकेसाठी निघालेली संकेतस्थळे ही देशातील पहिली विनापरवाना वृत्तसृष्टी ठरली होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘मलेशियाकिनी’ हे स्वतंत्र वृत्तस्थळ आले आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत ब्लॉगर.

‘सोपो’ या संक्षेपाने ओळखला जाणारा सामाजिक-राजकीय ब्लॉग हा या सदराचा विषय. पाककृती, प्रवास आणि पाळीव मांजरे यांविषयी लिहिणाऱ्या बहुसंख्य ब्लॉगरांना त्यातून वगळावे लागते, कारण सत्याशी त्यांचा संबंध बराच सरळ होता. सोपो ब्लॉगरांचे विद्यापीठ म्हणजे तमिळ मुसलमानांची ‘मामक’ नावाने ओळखली जाणारी उपाहारगृहे, आणि तेथील अध्ययनपद्धती म्हणजे ‘टीटी’, म्हणजेच ‘तेह तारिक’ या दुधाच्या चहाच्या साक्षीने उत्तररात्रीपर्यंत चालणारी बैठक. हा चहा एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत नेतात. प्रत्येक ओतण्यासरशी फेस वाढतो, चहा मात्र तेवढाच राहतो, आणि बैठकीत शिरलेल्या बातमीची गतही बहुधा हीच होत असे. येथेच मित्रपरत्वे सत्याचा सिद्धान्त आकारास आला. परवान्याच्या युगात एखाद्या बातमीची पारख ती कोणाच्या परवानगीने आली यावर होत असे. ब्लॉगयुगात परवानगी गेली आणि तिच्या जागी ती बातमी आपल्यापैकी कोणी सांगितली, हा निकष आला. कागदपत्र मागणे हा मैत्रीचा अपमान होता.

या मैत्रीचा सुवर्णकाळ २००७ हा होय आणि त्याचे श्रेय सर्वस्वी सरकारपक्षाला द्यावे लागते. त्या वर्षीच्या जानेवारीत न्यू स्ट्रेट्स टाइम्स समूहाने आणि त्याच्या काही वरिष्ठांनी ‘स्क्रीनशॉट्स’चे जेफ उई व ‘रॉकीज ब्रू’चे अहिरुद्दीन अत्तान या दोन ब्लॉगरांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले. दोघांचा वंश वेगळा, पिंड वेगळा. अहिरुद्दीन तर मुळात एका वृत्तपत्राचे माजी संपादक. पण दाव्याच्या नोटिशीने जे ऐक्य साधले ते राष्ट्रीय एकात्मतेच्या सरकारी जाहिरातींना साधले नव्हते. ‘ब्लॉगर्स युनायटेड’ ही घोषणा ठिकठिकाणच्या ब्लॉगांवर झळकली. मार्चमध्ये पर्यटनमंत्री तेंगकू अदनान यांनी सगळे ब्लॉगर खोटारडे असून दहा हजार बेकार ब्लॉगरांपैकी आठ हजार स्त्रिया आहेत, अशा आशयाचे विधान केल्याचे प्रसिद्ध झाले. खोटेपणाचा आरोप करताना सादर केलेली ही शिरगणती कोणी, कधी व कोणती घरे फिरून केली, हा प्रश्न संख्याशास्त्रात अद्याप अनुत्तरित आहे. पण एप्रिलमध्ये अहिरुद्दीन यांच्या अध्यक्षतेखाली ब्लॉगरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या मुहूर्तमेढीत मंत्रिमहोदयांचा वाटा नाकारता येणार नाही.

ऐक्याच्या त्या दिवसांत एक बारकावा सर्वांच्याच नजरेतून निसटला. तेव्हाचे पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांना सगळेच ब्लॉगर विरोध करीत होते, परंतु काहींचा विरोध ते अम्नोचे आहेत म्हणून होता आणि काहींचा ते महाथिर नाहीत म्हणून. निवृत्तीनंतर आपल्याच निवडलेल्या वारसदारावर रुष्ट झालेल्या महाथिर यांना २००६ पासून मुख्य वृत्तपत्रांत पुरेशी जागा मिळेनाशी झाली होती. वृत्तपत्रांना ही शिस्त कोणी लावली याचे स्मरण त्यांना करून देण्याइतके उद्धट कोणी नव्हते, आणि त्यांच्या बाजूचे ब्लॉगर त्यांच्या मदतीला धावले. म्हणजे एकाच टीटीच्या मेजावर व्यवस्था मोडू पाहणारे आणि व्यवस्थेचा जुना मालक परत आणू पाहणारे शेजारी शेजारी बसून एकाच माणसाला नावे ठेवीत होते, आणि याला ते समविचार समजत होते. शत्रू पदावर असेपर्यंत हा समज टिकणे अवघड नव्हते.

८ मार्च २००८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने २२२ पैकी १४० जागा मिळवून सत्ता राखली, पण दोन-तृतीयांश बहुमत गमावले आणि पाच राज्यांत ती हरली, आणि इंटरनेटवरील लढाईकडे दुर्लक्ष करणे ही आपली मोठी चूक झाली, असे बदावी यांनी कबूल केले. जेफ उई विरोधी डेमोक्रॅटिक अॅक्शन पार्टीतर्फे पेनांगमधील जेलुतोंगचे खासदार झाले. टोनी पुआ, एलिझाबेथ वाँग, निक नझमी हे ब्लॉग लिहिणारेही कायदेमंडळांत पोहोचले. जिंकलेल्या ब्लॉगरपुढे मोठा पेच उभा राहतो, कारण त्याने ज्या राज्य सरकारांवर लक्ष ठेवायचे ती आता मित्रांची असतात. अहिरुद्दीन आणि त्यांच्यासारखे विचार करणारे यांना मात्र विरोधकांच्या राज्य सरकारांत लिहिण्याजोगे पुष्कळ आढळू लागले. दाव्यांमुळे एकत्र आलेले हे दोघे प्रतिवादी अशा रीतीने निवडणुकीच्या दोन तीरांवर गेले. इकडे अम्नोच्या युवक शाखेने पक्षपदांसाठी उभे राहणाऱ्यांनी ब्लॉग काढलाच पाहिजे असा दंडक घातला. कालपर्यंत खोटारड्यांचे मानले गेलेले साधन अशा रीतीने उमेदवारीच्या पात्रतेत गणले जाऊ लागले. १ मे २००८ रोजी खुद्द महाथिर यांनीही ‘चेदेत’ या नावाने ब्लॉग सुरू केला. हे त्यांचे १९४० च्या दशकातील वृत्तपत्रीय टोपणनाव. परवान्याचा कायदा आणणारा पंतप्रधान विनापरवाना लेखनाकडे वळला, याला काहींनी उत्क्रांती म्हटले.

सिद्धान्ताची खरी कसोटी लागली ती ‘मलेशिया टुडे’चे संपादक राजा पेत्रा कमरुद्दीन यांच्या बाबतीत. सेलांगोरच्या सुलतान घराण्यातील हे गृहस्थ अन्वर यांच्या सुटकेच्या मोहिमेतून पुढे आले होते आणि सत्ताधाऱ्यांवर इतक्या बेधडकपणे लिहीत होते की त्यांच्या धैर्याविषयी शंका घेणे आजही अन्यायाचे ठरेल. ऑगस्ट २००८ मध्ये सरकारने त्यांचे संकेतस्थळ रोखले, टीकेनंतर ११ सप्टेंबरला ते मोकळे केले, आणि दुसऱ्या दिवशी संपादकाला अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडले. याच कारवाईत ‘सिन च्यू’ची एक महिला वार्ताहरही स्थानबद्ध झाली, ही अटक तिच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असे गृहमंत्र्यांनी सांगितले. संकटातील व्यक्तीला संरक्षण देण्याऐवजी तिलाच कोठडीत ठेवण्याची ही कल्पकता पाहून कायदामंत्र्यांनी राजीनामा दिला. राजा पेत्रा यांची रवानगी कामुन्तिंगच्या छावणीत झाली आणि ७ नोव्हेंबरला शाह आलमच्या उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. येथवर मित्र आणि सत्य एकाच बाजूला होते.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी एक प्रतिज्ञापत्र केले होते. २००६ मध्ये खून झालेल्या अल्तांतुया या मंगोलियन तरुणीच्या प्रकरणात तत्कालीन उपपंतप्रधान नजीब रझाक यांच्या पत्नी घटनास्थळी होत्या, असे आपल्याला खात्रीलायकरीत्या कळविण्यात आले आहे, असा त्याचा आशय होता. संबंधितांनी तो साफ नाकारला आणि तो कधीही सिद्ध झाला नाही. तरीही समर्थकांत त्याचे स्थान पुराव्याचे होते, कारण ज्याने सांगितले तो तुरुंगात गेला होता, आणि तुरुंगवास हा सत्याचा दाखला मानण्याची चूक केवळ मलेशियातच होते असे नाही. पुढे राजा पेत्रा देश सोडून ब्रिटनला गेले. एप्रिल २०११ मध्ये, सारावाक राज्याच्या निवडणुकीच्या तोंडावर, सत्ताधाऱ्यांना अनुकूल मानल्या जाणाऱ्या ‘टीव्ही थ्री’ वाहिनीवर त्यांची मुलाखत झळकली. ती माहिती इतरांनी दिलेली होती आणि आपला स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, असे ते तीत म्हणाले. शास्त्रीय दृष्ट्या उद्बोधक आहे ते यानंतर घडलेले. ज्यांनी प्रतिज्ञापत्राला डोक्यावर घेतले होते त्यांना मुलाखत विकत घेतलेली वाटली, ज्यांनी प्रतिज्ञापत्राला विकृत कल्पनाविलास म्हटले होते त्यांना तोच लेखक एका रात्रीत विश्वासार्ह वाटू लागला, आणि प्रतिज्ञापत्र वाचताना विचारायला हवा होता तो साधा प्रश्न, म्हणजे या माणसाने स्वतः काय पाहिले, दोन्ही बाजूंना २००८ मध्ये सुचला नव्हता तसा २०११ मध्येही सुचला नाही. राजा पेत्रा पुढे अन्वर यांचे कडवे टीकाकार झाले आणि २०२४ मध्ये मँचेस्टर येथे निवर्तले. त्यांच्यावर जुन्या मित्रांनी आरोप केला तो असत्याचा कमी आणि गद्दारीचा अधिक.

दरम्यान ब्लॉगिंगच्या हौसेचे रूपांतर उद्योगात झाले होते. या उद्योगातील कामगारांना ‘सायबरट्रूपर’ म्हणतात; नाव वा चेहरा न दाखविता नेत्याची बाजू लढविणारा तो समाजमाध्यमी सैनिक. अम्नोच्या मते विरोधकांनी ‘रेड बीन आर्मी’ नावाची पगारी फौज पोसली होती, डेमोक्रॅटिक अॅक्शन पार्टीच्या मते ही फौज कल्पित होती आणि भाडोत्री मंडळी समोर होती. स्वपक्षाची स्वयंस्फूर्ती व परपक्षाचा पगार यांवर मात्र उभयतांचे संपूर्ण एकमत होते. परदेशी माल वापरण्याचा मान सरकारपक्षाकडे जातो. २०१३ मध्ये अमेरिकन सरकारदरबारी दाखल झालेल्या नोंदींतून असे उघड झाले की, मलेशियाची बाजू उचलून धरणाऱ्या आणि अन्वर यांना झोडपणाऱ्या लेखनासाठी एका अमेरिकन लेखकाला काही वर्षांत सुमारे ३ लाख ९० हजार डॉलर पोहोचले होते व त्याने त्यातून इतर लेखकांनाही मोबदला दिला होता. टीटीच्या मेजावर फक्त चहाच्या बिलावर राजी होणाऱ्या देशी ब्लॉगरांना या आकड्याने झालेले दुःख वैचारिक स्वरूपाचे होते, असे मानण्यास जागा नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी क्वालालंपूरच्या न्यायालयात महाथिर आणि अन्वर यांनी अठरा वर्षांनंतर हस्तांदोलन केले. तोवर पंतप्रधान झालेल्या नजीब यांना हटविणे हे समान ध्येय ठरताच दोन दशके परस्परांविरुद्ध लिहिलेले सारे अडगळीत गेले, आणि ज्या ब्लॉगरांचे सार्वजनिक आयुष्य काळ्यानिळ्या डोळ्यापासून सुरू झाले होते त्यांनी २०१८ मध्ये त्याच महाथिर यांच्यासाठी मते मागितली. नजीब पडले, अन्वर यांना शाही माफी मिळाली. बावीस महिन्यांत महाथिर यांचे नवे सरकारही पडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अन्वर पंतप्रधान झाले ते अम्नोला सोबत घेऊन, म्हणजे डेमोक्रॅटिक अॅक्शन पार्टीच्या सायबरसैनिकांना अम्नोच्या मंत्र्यांचे गुण शोधणे आणि अम्नोच्या सैनिकांना त्यांची परतफेड करणे भाग पडले. २०१८ च्या जाहीरनाम्यात रद्द करू म्हणून सांगितलेला १९४८ चा राजद्रोह कायदा जागेवरच राहिला. १ जानेवारी २०२५ पासून ८० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना परवाना सक्तीचा करण्यात आला. तो मुलांच्या व सर्वसामान्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, असे सांगण्यात आले.

हस्तांदोलनाचे काय झाले, तेही नोंदवायला हवे. मार्च २०२३ मध्ये शाह आलम येथील पक्षमेळाव्यात अन्वर यांनी ‘बावीस वर्षे आणि बावीस महिने’ सत्तेवर राहूनही कुटुंबाचेच भले केलेल्या एका व्यक्तीचा उल्लेख केला; नाव घेतले नाही. मे महिन्यात महाथिर यांनी आरोप खोटा असल्याचे सांगत अन्वर यांच्यावर १५ कोटी रिंगिटचा अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. कालावधी कोणाचा आहे, याविषयी त्यांनी कोणताही वाद घातला नाही.