पटवारी आजोबांची उन्हाळी वसुली

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुले घरी परततात, दप्तरे खुंटीला लागतात, आणि शाळा उघडेपर्यंत त्या दप्तरांना हात लावणे हा अपराध होय अशी सर्वसंमत समजूत घराघरांत नांदू लागते. नेमक्या त्याच मुहूर्तावर प्रत्येक गावात एक गृहस्थ अस्वस्थ होतो. उन्हाने तळ्याचे पाणी आटते, तद्वत मुलांच्या मस्तकातील अक्षरेही आटत असली पाहिजेत, हा त्याचा सिद्धान्त असतो आणि तो पटवून देण्यासाठी त्याला श्रोत्याच्या संमतीची आवश्यकता वाटत नाही. कोठे हा गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक असतो, कोठे टपालखात्यातून बाहेर पडलेला कारकून, कोठे नुसताच कोणाचा तरी मामा. गडचांदूरला मात्र तो पटवारी आहे, आणि सारा फरक तेथेच पडतो.

एका बाजूला सिमेंटचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला माणिकगड-जिवतीचे डोंगर अशा बेचक्यात वसलेल्या या गावी मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि म्हणूनच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या वाढीव सुट्टीचे पटवारी आजोबांना मनस्वी दुःख आहे. बड्या थकबाकीदाराला सबळ कारणावाचून मुदतवाढ मिळावी, तसे ते त्यांना वाटते. त्यातच कोणीतरी त्यांना सांगितले, की अमेरिकेत हॅरिस कूपर नामक विद्वानाने आपल्या सहकाऱ्यांसह 1996 साली पूर्वीच्या अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून असा निष्कर्ष काढला, की उन्हाळी सुट्टीत विद्यार्थी सरासरीने सुमारे एक महिन्याचे शिक्षण मागे पडतो, आणि वाचनापेक्षा गणितात अधिक मागे पडतो. आजोबांनी तो निष्कर्ष शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, “म्हणजे दर खातेदारी एक महिना थकबाकी. वसुलीची तजवीज काय केली म्हणते तो?”

कूपरसाहेबांनी केली असो वा नसो, आजोबांनी ती केलेली आहे. गल्लीतील यच्चयावत मुले हे त्यांचे खातेदार. त्यांच्या नावे एक लांबलचक वही आखलेली असून तिच्यात सातबाऱ्याच्या धर्तीवर रकाने आहेत. मुलाच्या ताब्यातील पुस्तके हे त्याचे क्षेत्र. रोज वाचावयाची चार पाने आणि लिहावयाचे एक पान हा त्याचा आकार. ज्या घरी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक दरमहा येते, ते बागायत. जेथे वाण्याच्या पुडीचा कागद सोडून छापील अक्षर प्रवेश करीत नाही, ते जिरायत. आणि सुट्टी लागल्यापासून ज्याने एक ओळही वाचली नाही, त्याच्या नावापुढे लाल शाईने ‘पड’. पुस्तकातील केवळ चित्रांनी व्यापलेली पाने ते पोटखराब्यात धरतात आणि त्यांवर आकारणी करीत नाहीत, ही सवलत जाहीर होताच गल्लीत चित्रमय पुस्तकांची मागणी एकाएकी वाढली. एका मुलाचे वाचन त्याची थोरली बहीण परस्पर उरकून देते असे निदर्शनास आले, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. तिचे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढवले आणि दोघांवरही स्वतंत्र आकार बसवला.

पीकपाहणी सकाळी सातच्या आत, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, काखेत वही अशा थाटात आजोबा दारात उभे राहतात आणि झोपेतून उठलेल्या मुलाला कालच्या पानावरचा मजकूर विचारतात.

“आज माफ करा ना जी, आबाजी.”

“काहून?”

“लय ऊन होतं काल.”

“ऊन आकाशात होतं. पुस्तक घरात होतं. जाब लिहून दे.”

जाब लिहून दे, हे त्यांचे ब्रीदवाक्य आहे. तोंडी कैफियत हा माणूस ऐकून घेत नाही. वाचनातून तहकुबी पाहिजे तर अर्ज, पाहुण्यांमुळे खाडा झाला तर अर्ज, वही हरवली तर स्वतंत्र कागदावर पंचनामा आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. परिणामी जी मुले निबंधाच्या नावाने पोटदुखी काढीत, ती आता निबंधापासून सुटका व्हावी म्हणून निबंधाहून दीर्घ अर्ज लिहू लागली. आणि कारणे खोटी असली, तरी पटण्याजोगी असावी लागत असल्यामुळे, त्या अर्जांत अशी काही कल्पकता फुलून आली, की शाळेतील ‘माझा आवडता ऋतू’ तिच्यापुढे निस्तेज वाटावा.

पूर्ण सूट मात्र आजवर एकालाच मिळाली. जिवतीकडच्या डोंगरातील आजोळी गेलेल्या एका मुलाने परतल्यावर लिहून दिले, की तेंदूचा हंगाम असल्यामुळे आपण मायसोबत पहाटे पान तोडायला जात होतो. सत्तर पानांचा एक पुडा बांधतात, आणि किती पुड्यांची किती पाने हे मामा रोज विचारत असल्यामुळे सत्तरचा पाढा आपणास उलट-सुलट येतो. सबब पाढे लिहिण्यातून वगळण्यात यावे. आजोबांनी त्याला दोन्ही बाजूंनी म्हणवून पाहिले आणि ‘प्रत्यक्ष पाहणी केली, खरे आहे’ असा शेरा मारून सूट दिली.

त्याहून गाजले ते ‘चांदोबा’चे वाटणी-प्रकरण. आजोबांच्या माळ्यावरील गठ्ठ्यातला एक जुना अंक दोघा भावांनी ओढाताण करून बरोबर मधोमध फाडला. आजोबांनी पूर्वार्ध थोरल्याच्या आणि उत्तरार्ध धाकट्याच्या नावे करण्याचा फेरफार टाकला, आणि फेरफार म्हटला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस आली; तोवर दोन्ही अर्धे सरकारजमा. ऐन राक्षस जागा होण्याच्या वेळी अडलेली ती गोष्ट पुढे कशी गेली असेल, या विवंचनेने सारी गल्ली व्याकूळ झाली आणि प्रत्येकाने आपापला शेवट लिहून हरकत म्हणून दाखल केला. मुदत संपल्यावर अंक उघडला, तेव्हा छापील शेवट सर्वांना फारच मिळमिळीत वाटला.

इतक्या कडक अंमलात मुले तग कशी धरतात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात बसते. पटवाऱ्याच्या हुकमावर अपील असतेच, आणि येथील अपील आजींपुढे चालते. राजुरा तालुका, ज्यात तेव्हा हा सगळा मुलूख मोडत असे, 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथून तो नांदेडात आणि 1959 साली चांदा जिल्ह्यात आला. कागदोपत्री सरहद्द हलली, सोयरिकी हलल्या नाहीत. आजी आदिलाबादकडच्या, बोलतात मराठी अस्खलित, परंतु वाचतात ती तेलुगू. ‘चांदोबा’देखील 1947 साली प्रथम तेलुगू-तमिळमध्येच निघाला, ही गोष्ट आजोबांच्या गठ्ठ्यापुढे त्या अभिमानाने सांगतात. सबब त्यांच्यापुढे येणारे प्रत्येक अपील अर्जदाराने स्वतः, स्वच्छ आणि मोठ्याने वाचून दाखवावे लागते. मध्ये अडखळल्यास पुन्हा पहिल्यापासून; आवडल्यासही पुन्हा पहिल्यापासून. निकाल बहुधा पन्ह्याच्या पेल्यासह मुलांच्या बाजूने लागतो.

अशा रीतीने आजोबांपुढे लिहावे आणि आजींपुढे वाचावे लागून, न लिहिण्याच्या व न वाचण्याच्या खटपटीत गल्लीतील मुलांची दोन्ही कामे बिनबोभाट पार पडतात. हे त्या मुलांच्या ध्यानात आलेले नाही, आणि आमचा दाट संशय आहे, की ते आजोबांच्याही ध्यानात आलेले नाही. कारण अर्ज आणि अपिले ही वहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नसल्यामुळे त्यांच्या हिशेबी यंदाची पैसेवारी पन्नासच्या आतच आहे आणि गल्ली दुष्काळग्रस्त आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सर्व खातेदारांनी मिळून, उष्णता, पाण्याची टंचाई, नव्या गणवेशांची अनुपलब्धता आणि बालमनावरील परिणाम अशी सतरा कलमे मांडून, शाळा आणखी पंधरा दिवस बंद ठेवावी असा तीन पानी संयुक्त अर्ज दाखल केला. आजोबांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि खाली शेरा मारला: “मजकूर शुद्ध, मुद्दे क्रमवार, हस्ताक्षर सुवाच्य. मागणी नामंजूर.” मुले पाठमोरी होताच त्यांनी नाराज स्वरात पुस्ती जोडली, “एवढे लिहिण्यात वेळ दवडण्याऐवजी पोट्ट्यांनी दोन पाने शुद्धलेखन काढले असते, तर काही उपयोग तरी झाला असता.”