एक्स्पोर्टचा सोस

शेलमध्ये नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत लिहिली की व्हेरिएबल तयार. ते त्या शेलपुरतं खासगी. ‘एक्स्पोर्ट’ म्हटलं, की शेलने पुढे सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या हाती त्याची प्रत पडते. 1979 च्या युनिक्समध्ये बोर्न शेल आलं, तेव्हापासूनची ही सोय. म्हणजे खासगी ठेवायला काहीच करावं लागत नाही, जगजाहीर करायलाच कष्ट. पण आपली मंडळी कष्टाळू!

कुणाच्याही बॅश शेलची बॅशआरसी फाइल उघडा. पाथ एक्स्पोर्ट, एडिटर एक्स्पोर्ट, इथवर ठीक. प्रॉम्प्टची सजावटही एक्स्पोर्ट, जणू ग्रेपला ती पाहायची हौस आहे. मग डेटाबेसचा पासवर्ड! तो आता एलएसलाही मिळतो आणि कुठूनतरी उतरवलेल्या स्क्रिप्टलाही.

उलट दिशेने मात्र काही येत नाही. मुलाने, म्हणजे सुरू केलेल्या प्रोग्रामने, आपली प्रत कितीही खरडली तरी बापाला, म्हणजे शेलला, पत्ता नसतो. तरीही स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट करून, ‘बाहेर का दिसत नाही?’ म्हणत लोक कीबोर्डवर राग काढतात. ती स्क्रिप्ट ‘सोर्स’ करायची असते, हे दहाव्या एक्स्पोर्टनंतर आठवतं.

बॅशने तर फंक्शनंही एक्स्पोर्ट करू दिली. परिणामी 2014 मध्ये ‘शेलशॉक’ हा दोष उघडकीला आला: व्हेरिएबलच्या शेपटाला बांधलेला परका हुकूम बॅश सुरू होतानाच इमानाने बजावत असे, तोही 1989 पासून.

किंमत एकाच आज्ञेपुरती हवी असेल तर ती आज्ञेआधी, त्याच ओळीत लिहिता येते. पण त्यात काही थाट नाही ना!