इसाराची गाडी

सौदा ठरला की इसार द्यायचा, घेणारा फिरला तर तो बुडाला म्हणायचं आणि विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट मोजायचे, असा आमच्या मराठवाड्यातला जुना रिवाज. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून देवणी जोडीचा भाव ठरतो. भाव दोघांतच राहतो, इसार मात्र चारचौघांत मोजला जातो, आणि ‘मन फिरलं’ म्हणून तो परत मागायला कुणी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बैलाच्या बाबतीत एवढा शब्दाचा पक्का असलेला माणूस चारचाकी दिसली की कसा पातळ होतो, हे मला आमच्या दाजींमुळे जवळून पाहायला मिळालं.

दाजी लोहा तालुक्यातले. 2021 साली सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, त्याच्या थोडं आधी दाजींनी आपलं सगळं विकून टाकलेलं होतं. तेव्हापासून ते सोयाबीन विकत नाहीत, राखतात. 2024 च्या हंगामात सरकारी हमीभाव होता 4,892 रुपये, आडतीवर बोली चार हजारांच्या आसपास घुटमळत होती आणि दाजींच्या डोक्यात अजून दहा हजारच होते. या तिसऱ्या भावाच्या भरवशावर त्यांनी लातूरच्या एका मालकाची पांढरी बोलेरो पसंत केली. 2012 चं मॉडेल, पावणेतीन लाखांना ठरलं, दहा हजार इसार जागेवर. दिवाळी झाली तरी भाव जागचा हलेना. शेवटी अक्का म्हणाली, “गाडी आणा की, माझं काही म्हणणं नाही. फक्त टाकीत सोयाबीन ओतून चालते का, तेवढं विचारून या.” सौदा तिथंच मोडला.

मोडला तो घरात. लातूरला जाऊन सांगणार कोण? दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी नांदेडला मास्तर, आणि मुलगा नीटच्या क्लाससाठी लातुरात असल्यामुळे डबे, गाद्या नि फीच्या पावत्या घेऊन माझ्या तिकडे चकरा चालूच. “तूच जा की,” दाजी म्हणाले, “तुला बोलता येतंय.” आमच्या घराण्यात ज्याला बोलता येतं असा संशय असतो, त्याच्याकडे असलीच कामं येतात.

पुरावा म्हणून दाजींनी इसारपावती काढून दिली. ती मालकाच्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली होती. खाली रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं, त्यावर मालकाची सही अर्धी तिकिटावर नि अर्धी बाहेर, आणि मजकूर एवढाच: ‘बोलेरो इसार रोख दहा हजार पोहोचले. बाकी दिवाळीपतोर.’ सौदा मोडला तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. उलटून पाहिलं तर गणपती, मुहूर्त आणि ‘अगत्य येण्याचे करावे’.

ती पत्रिका घेऊन मी नांदेडच्या एका वकील मित्राकडे गेलो. त्यानं आधी मुहूर्ताची बाजू नीट वाचली, मग पावतीची. “1872 चा करार कायदा, कलम 74,” तो म्हणाला, आणि त्यानं मला मौला बक्षची गोष्ट सांगितली. या गृहस्थानं लष्कराला बटाटे पुरवायचं कबूल करून दहा हजार अनामत ठेवली. शिवाय कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचे म्हणून आणखी साडेआठ हजार. माल काही वेळेवर पोहोचला नाही. सरकारनं दोन्ही अनामती गिळल्या. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1969 साली कोर्टानं सांगितलं, नुकसान झालं असेल तर ते दाखवा, नाहीतर साडेअठरा हजार परत करा.

मी खूश. माल न देणाऱ्याला पैसे परत मिळतात, तर माल न घेणाऱ्यानं काय पाप केलं?

“थांब,” मित्र म्हणाला. “ती होती अनामत. त्याच निकालात असंही म्हटलंय की खरोखरचा इसार असेल आणि रक्कम माफक असेल, तर ती जप्त करायला हरकत नाही.”

“पावणेतीन लाखांवर दहा हजार म्हणजे माफक?”

“दुर्दैवानं माफकच. दाजींनी लाखभर दिले असते तर तुझी बाजू भक्कम होती.”

मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. त्यानं दुसरा निकाल काढला. दिल्ली विकास प्राधिकरणानं 1982 साली एक भूखंड 3 कोटी 12 लाखांना लिलावात दिला, पुढे घेणाऱ्या कंपनीचे 78 लाख जप्त केले आणि तोच भूखंड 1994 साली 11 कोटी 78 लाखांना विकला. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते 78 लाख व्याजासह परत करायला लावले. घेणाऱ्यानं करार मोडलेला नव्हता आणि प्राधिकरणाचं नुकसानही झालेलं नव्हतं. “आपल्यात पहिलं कारण बसत नाही,” मित्र म्हणाला, “पण मालकानं तीच गाडी तेवढ्याच भावाला किंवा वरचढ विकली, तर दुसरं लावून बघता येईल.” 1982 ते 2015 हा हिशेब मी मनातच केला. दाजी तोवर चौऱ्याऐंशीचे होतील. सोयाबीन मात्र तेव्हाही घरातच असेल.

एसटीनं लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे नि गाढवांचे सौदे होतात. तिथं एखाद्या गाढवाचा इसार कुणी परत मिळवला असेल तर त्याला गुरू करावं, असं खिडकीतून वाटून गेलं. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणणारं हे लातूर, तिथून दहा हजार रुपये नांदेडला नेणं काय अवघड, अशी मी स्वतःची समजूत घातली. अवघड होतं ते मालक सापडणं. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. फोन केला की मालक त्यातल्या पंधराव्या नाहीतर सोळाव्या रस्त्याला असायचा, आणि मी नेमका उरलेल्यांवर.

एकदाचा भेटला. माणूस वाईट नव्हता, तीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. यानं चहा सांगितला, वर भजी मागवली आणि पत्रिका बघून म्हणाला, “लग्नाला का आला नाहीत ओ सर? तुमच्या दाजींना एवढी पत्रिका दिली!”

मी मौला बक्ष काढला. त्यानं भजी खात शांतपणे ऐकून घेतलं. “बटाटे, कोंबड्या असं असतंय का? त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडं कोंबड्या न्हाईत, सर.” मग कलम 74 सांगितलं, तर म्हणाला, “तुमचे पैसे कुठं जाऊलालेत? गाडी इकली की पहिले तुमचे. माझे नंतर.”

हे वाक्य ऐकून आपलं काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात गाडी विकायचं काम त्या क्षणापासून आपल्याकडे येतं.

आणि आलं. दाजींना सौदा मोडायला कारणं हवीत म्हणून ज्या बोलेरोची मागची काच, घासलेलं सीट आणि क्लचचा आवाज मी त्या मालकापुढं तपशीलवार मांडला होता, तिचीच तारीफ मी शाळेच्या स्टाफरूममध्ये करू लागलो. “एका हातची गाडी,” मी सांगायचो. खरं तर दोन हातांची होती, पण दुसरा हात घरातलाच होता. “पंधरा वर्षं 2027 ला भरतात, तोवर कागदाला बघायचं काम नाही. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या तयार.” पुढं पुढं तर मला स्वतःलाच ती गाडी घ्यावीशी वाटायला लागली. बायकोनं मला आरशासमोर उभं करून विचारलं, की हा माणूस नक्की कुणाच्या बाजूनं आहे?

अखेर आमच्या गणिताच्या सरांचं मन वळलं. त्यांनी लातूरला जाऊन गाडी बघितली आणि दोन लाख ऐंशी हजारांना ठरवली. म्हणजे दिल्लीच्या भूखंडासारखी चढ्या भावानं! वकील मित्राला मी आनंदानं फोन केला. मालक शब्दाला जागला. गणिताच्या सरांनी दिलेले दहा हजार इसाराचे त्यानं मोजले, त्यातले पाचशे ‘गाडी दोनदा धुतली’ म्हणून वेगळे काढले आणि साडेनऊ हजार माझ्या हातावर ठेवले. दाजींनी ते घेतले, पुन्हा मोजले आणि उरलेल्या पाचशेसाठी मी परत कधी जाणार, असं विचारलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गणिताच्या सरांच्या मेहुण्यानं गाडी चालवून बघितली आणि क्लचबद्दल तो तेच बोलला, जे मी आधी बोललो होतो. सर आता गाडी घ्यायची नाही म्हणतात. मालक म्हणतो, इसार तर तुमच्या दाजींकडे गेला. दाजी म्हणतात, तो माझाच होता. आणि सर मधल्या सुट्टीत रोज माझ्यासमोर डबा उघडतात, एक शब्द बोलत नाहीत, फक्त बघतात.

तेव्हा वाचकांपैकी कुणाला हवी असल्यास कळवावं: बोलेरो, पांढरी, एमएच 24, मॉडेल 2012, टायर बरे, नुकतीच दोनदा धुतलेली. भाव बसून ठरवू. इसार दहा हजार, रोख, आणि तो कृपा करून थेट गणिताच्या सरांच्या हातात द्यावा.