लिनक्ससाठी स्वस्त लॅपटॉप कसा निवडावा : नवशिक्यांसाठी विनाचित्र मार्गदर्शिका

साहित्य : आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, वीसेक हजार रुपये, आणि घरात ज्याला सगळे 'कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणतात असा एक नातेवाईक. नातेवाईक नसल्यास उत्तम.

पायरी पहिली. 'कुठला लॅपटॉप घेऊ?' असे वरील नातेवाइकाला चुकूनही विचारू नये. विचारल्यास तो 'बजेट किती?' म्हणेल, आणि आकडा ऐकून 'अजून दहा टाक, मग एकदम भारी येईल' असे सांगेल. दहा-दहा टाकत गेल्यास माणूस संध्याकाळपर्यंत गेमिंग लॅपटॉपपाशी पोचतो. त्यात बहुधा एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात, भर कार्यक्रमात, कॅमेऱ्याकडे बघून, लिनक्सला धड साथ न दिल्याबद्दल या कंपनीला मधले बोट दाखवले होते. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही पहिल्याच लॅपटॉपला तो वाद घरी आणण्याचे कारण नाही.

पायरी दुसरी. दुकानदार 'साहेब, लेटेस्ट आहे' म्हणाला की तो लॅपटॉप जागच्या जागी ठेवून द्यावा. इथे सगळी दुनिया उलटी चालते. यंत्रातल्या प्रत्येक भागासाठी ड्रायव्हर लागतो, तो कुणीतरी लिहावा लागतो, मग तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात शिरतो, आणि ते कर्नल तुमच्या डिस्ट्रोपर्यंत, म्हणजे तुम्ही निवडलेल्या लिनक्सच्या अवतारापर्यंत, यायला आणखी वेळ लागतो. डेबियन या डिस्ट्रोची स्थिर आवृत्ती तर साधारण दोन वर्षांनी एकदा निघते. कालच बाजारात उतरलेल्या लॅपटॉपची तिला ओळखच नसते. तेव्हा ज्या मॉडेलचा त्रास जगभरच्या हजारो लोकांनी आधीच भोगून, शिव्या घालून, दुरुस्त करून ठेवला आहे, तेच घ्यावे. स्वस्तही तेच असते.

असा माल कुठून येतो? कंपन्यांमधून. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे मंडळी तीन-चार वर्षे ऑफिसात राबतात आणि घाऊक भावात बाहेर पडतात. त्यात विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो आठव्या पिढीचा तरी हवा (एखाददुसरा अपवाद वगळता). त्यामुळे सातव्या पिढीचा थिंकपॅड टी४७० कागदोपत्री म्हातारा ठरला. प्रत्यक्षात तो अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या काकांसारखा ठणठणीत आहे. चार पैसे जास्त असतील तर टी४८० पाहावा. त्याला बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक काढता-घालता येणारी. रॅमच्या खाचाही दोन आहेत, म्हणजे पुढे वाढवायची सोय झाली. आजकालच्या सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते. तिथे आठ जीबी म्हणजे जन्मभर आठ जीबी.

पायरी तिसरी, आणि खरी. प्रोसेसरवर भांडणारे लोक ज्याकडे ढुंकूनही बघत नाहीत ते वाय-फायचे कार्ड तपासावे. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, पण सगळा खेळ त्याच्या हातात. इंटेलचे असेल तर निर्धास्त राहावे. ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकची काही कार्डे मात्र वेगळा ड्रायव्हर मागतात. तो ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय चालत नाही. अशा वेळी रडू नये. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे.

पायरी चौथी : दुकानात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जावे, शक्यतो शनिवार टाळून. लिनक्स मिंट भरलेला पेन ड्राइव्ह खिशातून काढावा. दुकानदार म्हणेल, 'अहो, विंडोज टाकून देतो ना, ओरिजिनल! ऑफिस फ्री!' हसून 'असू द्या' म्हणावे, पेन ड्राइव्ह खोचावा आणि थिंकपॅड असल्यास सुरू होताना एफ-१२ दाबावे. डिस्कला धक्का न लावता आख्खी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालू होते. पोऱ्या मागे येऊन उभा राहील, त्याला राहू द्यावे. आता फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावे, गाणे लावावे, कॅमेरा उघडावा. मग झाकण मिटावे, चहा मागवावा, चहा संपल्यावर झाकण उघडावे. पडदा काळाच राहिला तर चहाचे पैसे देऊन निघावे. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) लिहिल्यास कुठल्या भागाला कुठला ड्रायव्हर मिळाला ते ओळीने दिसते. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता 'यूपॉवर' (upower) सांगते. निम्म्याखाली असेल तर घासाघीस तिथूनच सुरू करावी.

शेवटी एकदा बंद करून एफ-१ ने बायोसमध्ये शिरावे. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप फुकटही घेऊ नये. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतला सेल काढून जात नाही, 'आमचा माणूस काढून देतो' असे दुकानदार कितीही शपथेवर सांगो.

पायरी पाचवी. कोणती डिस्ट्रो, हे दोन लिनक्सवाल्यांना एकाच खोलीत विचारू नये. मिंट टाकावे. इन्स्क्रिप्ट कळपाट त्यात आहेच, मराठीची अडचण येत नाही. कुणी आर्च सुचवल्यास तो नातेवाईक समजावा.

एवढे करूनही बोटाचा ठसा घेणारा चौकोन बहुधा चालणार नाही. कित्येक मॉडेलांत तो चालतच नाही, त्यापायी रात्र जागवू नये. गणपतीचा लहान स्टिकर त्यावर नेमका बसतो.